मांजरांचं अभ्यंगस्नान

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणे केले, पण त्यातले बहुतेक घरातल्या घरात जिरले. एकच गावभर झाला. बारा वर्षांपूर्वी नरक चतुर्दशीच्या पहाटे मी दोन मांजरांना तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान घातलं आणि पाटावर बसवून त्यांना ओवाळायला निघाले. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची होते, नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते आणि आपल्याला शिकवावं असं जगात कुणाजवळ काही उरलेलं नाही, अशी माझी खात्री होती. हे वय फार घातकी. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी छत्री आडवी धरून निघून जाईन. पण हे लिहिणं तिच्यासाठी नाही. हे आहे आमच्या मासळीवाल्या मावशीबद्दल. चौलपासून रेवदंड्यापर्यंत मांजरं ओळखणारं तिच्यासारखं माणूस झालं नाही आणि होणार नाही, आणि त्या दिवाळीत तिचं नाव मी आळीत धुळीला मिळवलं.

मावशी वयानं माझ्याच बरोबरीची. सगळी आळी मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणायची. तिची दोन्ही मुलं माझ्या वर्गातून गेली होती, म्हणून ती मला 'बाई' म्हणायची आणि मी चुकले की तोच शब्द जरा लांबवायची. ती कधी आरोळी देत नसे. गरजच नव्हती. सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर एकामागून एक मांजरं येऊन बसायला लागली की समजावं, मावशी देवळाच्या वळणावर आली. मग डोक्यावर पाटी, कमरेला खोचलेला फडका, पुढे दोन आणि मागे पाच मांजरं, अशी ती वरात आळीत शिरायची. पायरीवर पाटी टेकली की ती आधी मांजरांची चौकशी करायची, मग माझी. "काय रं, कान कुनी चावला?" हा प्रश्न बोक्याला असायचा. "आनि बाई, तुमचा काय, गुडगा बरा हाय?" हा उरलासुरला माझ्या वाट्याला.

घरात काय शिजावं हे ती ठरवायची. "आज तुमाना बोंबील न्हाय," असं ती सरळ सांगायची. का गं, म्हटलं तर म्हणायची, "काल साहेब ओटीवर बसून पोट चोलत व्हतं. मी बगितलं. मांदेली घ्या, आनि रस्सा पातल करा." पाटीत बोंबील समोर लोळत असायचे, पण ते मिळायचे नाहीत. एकदा समुद्राकडच्या नव्या बंगल्यातले मुंबईचे गृहस्थ गाडी थांबवून पापलेट मागायला लागले. मावशी म्हणाली, न्हाय. ते म्हणाले, अहो, चार दिसताहेत की. मावशीनं चारही पापलेटांवर फडका ओढला आणि म्हणाली, "आता दिसतान का?" ते गेल्यावर मी तिला रागावले, गिऱ्हाईक असं घालवतात का म्हणून. तेव्हा समजलं की तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या कुत्र्यानं एका गाभण मांजरीला माडावर चढवलं होतं आणि ती दुपारपर्यंत खाली उतरली नव्हती. "माजा म्हावरा त्या घरात जानार न्हाय," मावशी म्हणाली. ते बंगलेवाले बिचारे अजून समजत असतील की गावात पापलेटाचा तुटवडा आहे.

मांजरांच्या वंशावळी तिला तोंडपाठ. आमच्याकडे तेव्हा आत्याबाई होती. तिरंगी, नऊ वर्षांची, ह्यांच्या आरामखुर्चीची मालकीण. हे त्या खुर्चीत बसायचे ते तिची झोप झाल्यावर. मावशीच्या मते आत्याबाईची आजी डॉक्टरांच्या मागच्या पडवीत व्यायलेली, मावशी (आत्याबाईची) भंडाऱ्यांच्या वाडीत राहते, आणि "हिचा एक भाव रेवदंड्याला मशिदीच्या मागं शिंप्याकडं हाय, मशीनवर बसून असतो, काम करू देत न्हाय." सोमवारी आणि गुरुवारी आमच्याकडे मासळी नसते. तरी मावशी यायची, हात हलवत, पाटीशिवाय. "तुमच्याकडं न्हाय आले," म्हणायची आणि आत्याबाईसमोर फतकल मारून बसायची. दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या. बोलणं फारसं नाही. मी चहा ठेवायची.

त्या वर्षी दिवाळी आठवड्यावर आली असताना एका सकाळी तिनं पाटी ठेवली, ओच्यात हात घातला आणि एक पांढरं, लुळं, हाडांचं पिल्लू काढून माझ्या पायरीवर ठेवलं. बंदरावर जाळ्यांच्या खोपीत सापडलेलं. आई दिसली नव्हती. ते इतकं बारीक आणि गिळगिळीत होतं की ह्यांनी तिथल्या तिथे त्याचं नाव बोंबील ठेवलं.

"हा तुमचा," मावशी म्हणाली.

"अगं, आत्याबाई आहे ना आमच्याकडे."

"आत्याबाई म्हातारी व्हायला आली. तिला कोन नको?"

मग तिनं मला रीत सांगितली. ती मी आज शब्दन् शब्द म्हणू शकते, कारण त्या दिवशी मी ती ऐकली नव्हती. "धा दिस कोठीच्या खोलीत ठेवा त्याला. बालंतिनीसारखा. दार बंद. आत्याबाईला कलू द्या का आत कोनतरी हाय. ह्याच्या अंगाखालचा फडका तिच्या ताटलीखाली घाला, तिचा ह्याच्याकडं. रोज. दोगांना जेवान दाराच्या दोन अंगाला. आदी वास, मग आवाज, मग डोले. डोले शेवटाला. डोले आदी भेटले का भांडान, आनि ते भांडान मग मरेपरयंत."

मी 'हो हो' म्हटलं. आपलं मूल मुळात हुशार आहे हे सांगणाऱ्या पालकांना मी म्हणायची, तसं. मनात म्हटलं, अगं, पस्तीस वर्षं मी मुलं सांभाळली. दोन पोरं भांडली की मी त्यांना एका बाकावर बसवायची, आणि आठवड्यात ती एका डब्यात जेवायची. मांजरांचं काय कौतुक! तरी तीन दिवस मी मावशीचं ऐकलं. चौथ्या दिवशी पनवेलहून नातीचा फोन आला. तिला पिल्लाची बातमी आधीच लागली होती. "आजी, दोघं एका टोपलीत झोपतात?" तिनं विचारलं. आणि मी, पस्तीस वर्षं खोटं बोलणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभी करणारी मी, म्हणाले, "हो गं, अगदी गळ्यात गळा घालून."

नात दिवाळीच्या दिवशी दुपारी येणार होती. टोपलीत गळ्यात गळा घालून काहीच नव्हतं. एक कोठीच्या खोलीत रडत होतं, दुसरी दाराबाहेर फुत्कारत होती. मग मला शिक्षिकेची युक्ती सुचली. अभ्यासक्रम मागे पडला की आम्ही जादा तास घ्यायचो. मावशी फडक्यांची अदलाबदल करून दहा दिवसांत जे साधणार, ते म्हणजे दोघांचा वास एक करणं, एवढंच ना? मग एकच तेल, एकच उटणं, एकच बादली! दहा दिवसांचं काम दहा मिनिटांत. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, "आत्याबाईला विचारलंस का?" मी म्हटलं, तुम्ही फक्त टॉवेल धरा.

बोंबलानं तेल लावून घेतलं, कारण त्याच्यात विरोध करण्याएवढं मांसच नव्हतं. आत्याबाईचं वर्णन मी करत नाही. माझ्या डाव्या मनगटावर अजून पांढरी रेघ आहे. ह्यांचा टॉवेल फाटला, बादली उलटली, उटणं भिंतीवर गेलं. पण काम पुरं केल्याशिवाय मी कधी घंटा दिली नव्हती. न्हाऊन निघालेली दोन मांजरं मी पाटांवर ठेवली. पाटाभोवती रांगोळी होती, तीही सांगते, आता लपवून काय! आणि तबक घेऊन वळले.

आत्याबाईनं बोंबलाचा वास घेतला. फुत्कारली नाही. मला वाटलं, जिंकले. मग तिनं आपला पंजा उचलला आणि त्याचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग पाठीचा, मग शेपटीचा. नऊ वर्षं ज्या वासानं तिला कळत होतं की ही मी, हे माझं घर, ही माझी खुर्ची, तो मी पंधरा मिनिटांत मोरीत वाहून टाकला होता. अनोळखी ठिकाणी चुकून आलेलं माणूस बघतं तसं तिनं घराकडे बघितलं. माझ्याकडेही. आणि उठून गडग्यावरून पलीकडे गेली. मी तबक घेऊन तशीच उभी. बोंबील निरांजनातलं तूप चाटायला लागला होता.

इथवर नुसता मूर्खपणा. लाज वाटावी असं पुढेच आहे. सकाळी फराळाची ताटं द्यायला समोरच्या वहिनी आल्या. त्यांना भिंतीवरचं उटणं दिसलं, माझं मनगट दिसलं. "अहो, मांजराला उटणं?" म्हणून त्या हसायला लागल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशीनंच सांगितलं होतं, एकाचा वास दुसऱ्याला लागू द्या म्हणून." त्यात खोटा असा एकही शब्द नव्हता. खोटं बोलण्याची ही सर्वांत हलकट तऱ्हा. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला पहिल्या वाक्यात पकडला असता. पण मी नुकतंच स्वतःला वाचवलं होतं आणि मला हायसं वाटत होतं. बारा वाजेपर्यंत ते सगळ्या आळीत झालं होतं. दुपारी नात आली, तिनं रिकामी टोपली उलटी करून बघितली, आणि भाऊबीज झाल्यावर तशीच परत गेली.

मावशीजवळ मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण मांजरांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. कुणाची मांजर अडली, कुणाचा बोका जेवेना, की लोक तिची वाट बघायचे. ती अब्रू चार दिवसांत गेली. "मावशी, आज पापलेटला उटणं लावलंय काय?" असं कुणीतरी दारातून ओरडायचं. "आमच्या बोक्याला शिकेकाई चालंल?" असं दुसरं. पुढच्या घरानं मागून ठेवलेलं पिल्लू नको म्हणून कळवलं, नसती ब्याद कशाला म्हणून. मी हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होते. ऐकू येऊ नये म्हणून मी चटणीसाठी मिक्सर लावायची. त्या आठवड्यात आमच्याकडे फार चटणी झाली.

आणि मावशी? पाडव्याला ती पायरीवर आली, पाटी टेकली आणि तिनं दोनच प्रश्न विचारले. "कंच्या अंगाला गेली?" मी दाखवलं. "शेपटी वर व्हती का खाली?"

"बघितलं नाही गं."

"बाऽई," मावशी म्हणाली. "रागावली आसंल तर शेपटी वर. मग येतंय परत. खाली आसंल तर न्हाय येत, मग जावा लागतंय आनायला." तिनं आत्याबाईच्या अंगाखालचं काहीतरी द्या म्हटलं. मी दिवाळीसाठी घरातलं फडकंन् फडकं धुतलं होतं. गोणपाटसुद्धा. तेवढ्यात हे ओटीवरून उठले आणि आरामखुर्चीची गादी तिच्या हातात दिली. माझ्याकडे न बघता. गावात काय चाललंय ते ह्यांनाही कळत होतं आणि त्याची सुरुवात कुणी केली तेही.

मावशीनं त्या गादीचा अभ्रा फाडून चिंध्या केल्या. पुढचे दहा दिवस ती रोजच्या फेरीला ज्या ज्या वाटेनं जायची, त्या वाटेवर कुंपणाला, गडग्याच्या खुंटीला, माडाच्या बुंध्याला, मांजराच्या नाकाच्या उंचीवर एकेक चिंधी बांधत जायची. आमच्या घराकडे यायचा तो रस्ता तिनं आत्याबाईसाठी लिहून ठेवला होता. लोकांना हसायला नवीन विषय मिळाला. ह्यांच्या गादीची निळी फुलं गावभर फडकत होती, आणि त्यांच्याखालून मी मान खाली घालून भाजीला जायची. एका शब्दाचं काम होतं. त्या हसणाऱ्यांपैकी कुणालाही थांबवून म्हणायचं होतं, अहो, उटण्याची अक्कल माझी. रोज घरातून ठरवून निघायची आणि रोज कोथिंबीर घेऊन परत यायची.

अकराव्या दिवशी मावशी आली ती एकटी. पुढे मांजर नाही, मागे मांजर नाही. पाटीवर ओला फडका बांधलेला, आणि मासळी हातातल्या पिशवीत. फडक्याखालून एक ओळखीचा, अतिशय वाईट शब्द ऐकू आला. आत्याबाई बंदरावर मिळाली होती, त्याच जाळ्यांच्या खोपीत, जिथून बोंबील आला होता. अर्धी उरली होती. अंगाला सुक्या मासळीचा वास मारत होता. उटण्याचा मागमूस नव्हता. मी हात पुढे केले तर मावशीनं पाटी मागे घेतली.

"कोठीची खोली खाली करा," ती म्हणाली. "आता नवीन ही हाय."

मग दहा दिवस रीतसर. अंगणातलं पान हललं तरी मी मावशीला विचारायची. फडकी इकडून तिकडे, ताटल्या दाराच्या दोन बाजूंना, मी मधल्या दारापाशी पाट टाकून राखणीला. बोंबील घराचा मालक असल्यासारखा खुर्चीत झोपायचा. मावशी रोज यायची, सोमवारी-गुरुवारीही. दाराला कान लावायची आणि निकाल द्यायची: "आज न्हाय." "आज बी न्हाय." "आज पानी पिताना गुरगुरली न्हाय, बरा हाय." दहाव्या दिवशी तिनं दार चार बोटं उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आत्याबाईनं त्या फटीतून पंजा काढून बोंबलाच्या टाळक्यात एक ठेवून दिली. मी ओरडले. मावशीनं माझा दंड धरला. "एक चालतंय," ती म्हणाली. "दुसरी बगा." दुसरी आली नाही. आत्याबाईनं पंजा आत घेतला आणि तो चाटला. बोंबलानं डोकं खाली घातलं आणि तिच्या ताटलीतली मांदेली खाल्ली. तिनं खाऊ दिली.

आत्याबाई त्यानंतर पाच वर्षं जगली आणि बोंबलाच्या पाठीला पाठ लावून गेली. बोंबील आज बारा वर्षांचा आहे, भोपळ्यासारखा झालाय, आणि त्याचं नाव ऐकून पाहुणे हसतात. मावशीचे गुडघे गेले. ती आता येत नाही. तिची सून स्कूटरवर थर्माकोलचं खोकं बांधून येते. आदल्या दिवशी फोनवर मासळीचे फोटो पाठवते. भली मुलगी आहे, जे मागू ते देते. पापलेट मागितलं की पापलेट. गडग्यावर साडेनऊला कुणी येऊन बसत नाही. कधी कधी मी बोंबलाला खुर्चीतून उचलून मुद्दाम तिथे नेऊन ठेवते. तो माझ्याकडे बघतो आणि उतरून आत जातो.

त्या दहाव्या दिवशी दोघांचं जेवण झालं तेव्हा मावशी पायरीवर बसून पाटी आवरत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले. म्हटलं, मावशी, आळीत तुला सगळे हसतात ना, ते माझ्यामुळे. मीच तुझं नाव पुढे केलं. उटणं माझ्या डोक्यातून निघालं होतं, तू तसलं काही म्हणाली नव्हतीस. मावशीनं हातातला फडका पिळला, झटकला, कमरेला खोचला. मग म्हणाली, "मना म्हाईत व्हतं, बाई, पयल्याच दिशी. पन मांजर गावल्याबिगर भांडू कशी? आता गावली न्हवं? सरका जरा, नीट बसू द्या मना. आता भांडूया."